ऑनलाइन कॅसिनोतली स्लॉट टूर्नामेंट नेमकी कशी चालते?

स्लॉट म्हणजे बटण दाबून चित्रांची चाकं (रील) फिरवायचा जुगार. टूर्नामेंटमध्ये चुरस इतर खेळाडूंशी असते. प्रवेश फी भरली (कधी फुकटही असते) की सगळ्यांना सारखेच क्रेडिट आणि ठरावीक वेळ मिळतो, समजा 1,000 क्रेडिट, 5 मिनिटं. जिंकलेले पॉइंट लीडरबोर्डवर चढतात. न वापरलेले क्रेडिट बहुतेकदा वाया जातात, म्हणून बोट थांबवायचं नाही. बक्षीस फक्त वरच्या काही जणांना.

खरी मेख ‘री-बाय’मध्ये आहे. शेवटच्या मिनिटाला कुणीतरी पुढे जातं, आपण पुन्हा फी भरतो, आणि 100 चे बघता बघता 500 होतात. रील कुठे थांबणार हे रँडम नंबर जनरेटर (कुठलाही आकडा आपोआप काढणारा प्रोग्राम) ठरवतो. कौशल्याला वाव जवळपास नाहीच.

भारतात 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या अशा खेळांवर बंदी आहे. कुणी लिंक पाठवली तर कृपा करून पैसे भरू नका.