मार्गदर्शक तत्त्वांसाठी, म्हणजे कारभार करताना सरकारने पाळावीत म्हणून घटनेत दिलेल्या धोरणांसाठी, कोर्टात जाता येत नाही, मग ती घटनेत कशाला?

कोर्टात जाता येत नाही हे खरं, कलम ३७ तेच सांगतं. पण त्याच कलमात पुढे ती देशाच्या कारभारात मूलभूत असल्याचंही म्हटलंय. तिथपर्यंत कुणी वाचतच नाही!

शिक्षणाचंच बघा. १४ वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत, सक्तीचं शिक्षण हे मूळ कलम ४५ मधलं तत्त्व, मुदत दहा वर्षं. ती कधीच उलटली. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला मूलभूत हक्क मानलं, २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने तो हक्क घटनेत लिहिणारं कलम २१-अ आलं आणि १ एप्रिल २०१० पासून ६ ते १४ वयोगटासाठी कायदा लागू झाला.

मार्गदर्शक तत्त्वं आणि मूलभूत हक्क या दोन्हींत खटका उडाला तर? १९५१ मध्ये चंपकम दोराईराजन खटल्यात हक्क वरचढ ठरले होते; १९८० च्या मिनर्व्हा मिल्स निकालाने दोन्हींतल्या समतोलावर भर दिला.