‘अघोषित युद्ध पुकारले’ हे बरोबर आहे का?

खानापूरच्या एका वाचकाने बातमीचा मथळा पाठवलाय: ‘शेजारी देशाने अघोषित युद्ध पुकारले’. हे मराठी बरोबर आहे का, आणि ‘अघोषित’ म्हणजेच ‘छुपे’ का, असं त्यांनी विचारलंय.

मला दोन्ही पटत नाही.

पुकारायचं म्हणजे चारचौघांत मोठ्याने सांगायचं. बंद पुकारला की आधी तारीख कळते, मग बेळगावच्या गणपत गल्लीतली दुकानं उघडत नाहीत. युद्धाचंही तेच. ३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. जर्मनीने त्याच्या दोनच दिवस आधी पोलंडवर सैन्य घातलं होतं, ते मात्र न पुकारता. जे पुकारलंच नाही ते ‘पुकारले’ कसं लिहिणार? तिथे ‘छेडले’ हवं. छेडण्यात सुरुवात येते, दवंडी येत नाही.

आता ‘छुपे’. वडगावात यंत्रमाग चालवणाऱ्याला ‘अघोषित भारनियमन’ समजावून सांगावं लागत नाही. वीज जाते, खटखट थांबते, अर्धवट विणलेली साडी मागावर तशीच राहते आणि अख्खी गल्ली दारात येऊन उभी राहते. यात लपलेलं काहीच नाही, फक्त आधी कुणी सांगितलं नव्हतं. अघोषित युद्ध तसंच उघड्यावर चालतं. छुप्या युद्धात माणसं घुसवायची, शस्त्रं पुरवायची आणि विचारलं की कानावर हात ठेवायचे. कारगिलमध्ये १९९९ साली दोन्ही होतं: घुसखोर आमचे सैनिक नव्हेत असं पाकिस्तान सांगत राहिला, ते छुपं; तोफांचा मारा सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला तरी औपचारिक घोषणा झाली नाही, म्हणून अघोषितही.

घोषणेला कायद्यात वजन होतं. १९०७ च्या हेग कराराने लढाईआधी स्पष्ट इशारा देणं बंधनकारक केलं. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने बळाच्या वापरावरच बंदी घातली, तेव्हापासून सरकारं ‘युद्ध’ हा शब्द टाळून ‘कारवाई’ म्हणू लागली. अमेरिकेने शेवटची रीतसर घोषणा केली ती १९४२ मध्ये. कोरिया, व्हिएतनाम त्यानंतरचे. पण १९४९ चे जिनिव्हा करार घोषणा नसली तरी लागू होतात, त्यामुळे युद्धकैद्याचे हक्क त्या एका शब्दावर अडत नाहीत. मला ही तरतूद फार मोलाची वाटते.

आपल्या दारातलं उदाहरण गोव्याचं. डिसेंबर १९६१ मध्ये त्या मोहिमेचं सैन्य बेळगावात जमलं होतं. युद्ध पुकारलं नव्हतं, तरी १९ तारखेला पोर्तुगीज शरण आले. मोहिमेचं नाव ऑपरेशन विजय. कारगिलच्या वेळीही हेच नाव दिलं गेलं. माझी आजी ती आठवण सांगताना ‘मिलिटरी गोव्यात शिरली तेव्हा’ असंच म्हणायची.

तेव्हा मथळा ‘शेजारी देशाने अघोषित युद्ध छेडले’ असा करावा. जागा असेल तर ‘न पुकारता युद्ध छेडले’ मला अधिक आवडेल.