कप खेळायचा की लीग वाचवायची? तुमचे प्रश्न आणि माझी उत्तरं

फुटबॉलमध्ये लीगच्या टेबलात तळाला अडकलेली टीम कपमध्ये, म्हणजे नॉकआउट स्पर्धेत, मात्र पुढे पुढे जात राहिली तर ते बरं की वाईट, यावर या वेळी इतके प्रश्न आलेत की सगळे घेणं शक्यच नाही. एकसारखे होते ते एकत्र केलेत, बाकीचे निवडून घेतोय.

विगनने 2013 ला एफए कप (इंग्लंडचा मोठा नॉकआउट कप) जिंकला आणि तीन दिवसांनी रेलिगेट झाले, म्हणजे खालच्या डिव्हिजनमध्ये गेले. म्हणजे कपनेच बुडवलं ना त्यांना? (पुण्याहून)

हे उदाहरण प्रत्येकजण देतो, म्हणून जरा नीट बघू. 11 मे 2013 ला वेम्ब्लीवर मँचेस्टर सिटीला 1-0 ने हरवलं, 91व्या मिनिटाला कॉर्नरवर बेन वॉटसनचा हेडर, आणि हा वॉटसन पाय मोडून कित्येक महिने बाहेर बसलेला, बेंचवरून शेवटच्या दहा मिनिटांसाठी आत आलेला. मग 14 मे ला आर्सेनलकडे 4-1 ने हरले आणि खेळ खल्लास. एकाच सीझनला एफए कप जिंकून खाली जाणारी ती पहिली टीम.

आता लोक फायनल आणि आर्सेनल एवढंच लक्षात ठेवतात, पण माझ्या मते खरी मॅच 7 मे ची, घरच्या ग्राउंडवर स्वान्सीविरुद्ध. फायनल चार दिवसांवर. विगन दोनदा पुढे होती आणि तरी 3-2 ने हरली. तिथे तीन पॉइंट्स मिळाले असते तर आर्सेनलकडे हरूनसुद्धा लढाई शेवटच्या दिवसापर्यंत गेली असती आणि शेवटची मॅच घरीच होती, अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध. शेवटी विगनचे 36 पॉइंट्स आणि वाचलेल्या संडरलंडचे 39, एवढाच काय तो फरक.

पण म्हणून कपने बुडवलं असं म्हणायला माझं मन घेत नाही, कारण त्या टीमने 38 मॅचेसमध्ये 73 गोल खाल्लेत हो. डिफेन्समधले लोक एकामागोमाग एक जखमी, आणि आदल्या सीझनला शेवटच्या नऊपैकी सात मॅचेस जिंकून जे वाचले होते तसा चमत्कार दरवर्षी थोडीच होतो. कपने फक्त एक केलं, एप्रिल-मे मध्ये जिथे श्वास घ्यायला आठवडा मिळायला हवा होता तिथे तो मिळू दिला नाही. स्क्वॉड मोठं असतं तर हे जाणवलंही नसतं. आधीच दुष्काळ, त्यात हा तेरावा महिना.

मी बर्मिंगहॅमला राहतो, इथले जुने लोक अजून 2011 चं नाव काढतात. तेव्हा नक्की काय झालं होतं?

27 फेब्रुवारी 2011, लीग कप (इंग्लंडमधला दुसरा नॉकआउट कप) फायनल, बर्मिंगहॅम सिटी विरुद्ध आर्सेनल. आर्सेनलच्या गोलकीपर आणि डिफेंडरचा 89व्या मिनिटाला गोंधळ झाला, बॉल बर्मिंगहॅमच्या मार्टिन्सच्या पायात, समोर रिकामं गोल, 2-1. आणि 22 मे ला टॉटनमकडे हरून बर्मिंगहॅम सिटी 39 पॉइंट्सवर खाली.

इथे विगनपेक्षा वेगळी गंमत आहे. फायनल फेब्रुवारीत झाली, म्हणजे त्यानंतर जवळजवळ तीन महिने हातात होते, थकवा थकवा म्हणून किती दिवस रडणार? मला वाटतं तिथे दोन गोष्टी नडल्या. एक म्हणजे जखमी खेळाडू. दुसरी म्हणजे ट्रॉफी हातात आली की सीझनचं काम झालं असं डोक्यात बसतं, कोणी कबूल करत नाही पण बसतं. टेबलकडे बघून ‘अजून वेळ आहे’ म्हणत म्हणत मे उजाडतो.

आणि एक गोष्ट फार कमी लोकांना आठवते. त्या लीग कपच्या सेमीफायनलला बर्मिंगहॅमसमोर होती वेस्ट हॅम, दोन लेगची, म्हणजे दोन मॅचेसची सेमी, दुसरा लेग एक्स्ट्रा टाइमपर्यंत गेला. ती वेस्ट हॅमसुद्धा त्याच सीझनला खाली गेली, तीही सगळ्यात तळाला! जिंकलेलीही बुडाली आणि हरलेलीही बुडाली. मग दोष ट्रॉफीचा म्हणायचा का? हरलेल्यांची लीग कपमधली धावपळ तर जानेवारीतच संपली होती.

पण कपमध्ये जिंकल्याने कॉन्फिडन्स येतो आणि मग लीगमध्येही फॉर्म येतो, हे खरं नाही का? क्रिस्टल पॅलेस बघा. (नाशिकहून, आणि असेच अजून तीन-चार)

पॅलेसचं उदाहरण चांगलंच आहे. 2024-25 ला लीगच्या पहिल्या आठ मॅचेसमध्ये एकही विजय नाही, मॅनेजर ग्लासनरला काढा म्हणून लोक ओरडायला लागलेले, आणि मे मध्ये त्याच माणसाने एफए कप उचलला. एझेचा गोल, गोलकीपर हेंडरसनने वाचवलेली पेनल्टी, सिटीविरुद्ध 1-0. क्लबची पहिली मोठी ट्रॉफी, आणि लीगमध्ये 12वा नंबर, 53 पॉइंट्स, जे त्यांचे प्रीमियर लीगमधले (इंग्लंडची सगळ्यात वरची लीग) तोपर्यंतचे सगळ्यात जास्त.

पण आधी काय आणि नंतर काय ते बघा ना. एफए कपचा तिसरा राउंड, जिथून प्रीमियर लीगच्या टीम्स सुरू करतात, तो जानेवारीत असतो, आणि पॅलेस त्याच्या आधीच सुधारायला लागली होती. म्हणजे चांगली झालेली टीम कप जिंकली, कप जिंकून टीम चांगली झाली नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, तसं होतं हे बऱ्याचदा.

कॉन्फिडन्स म्हणजे काहीच नाही असं मी म्हणत नाही, बरं का. 2012-13 ची ब्रॅडफर्ड सिटी बघा, चौथ्या डिव्हिजनची टीम, विगनला आणि आर्सेनलला पेनल्टीवर आणि व्हिलाला दोन लेग्जमध्ये हरवून लीग कप फायनलला गेली, तिथे स्वान्सीने 5-0 ने धुतलं. एवढा मार खाल्ल्यावर कोणीही कोसळेल, पण यांनी सातव्या नंबरवर येऊन प्लेऑफ (वर जायच्या शेवटच्या जागेसाठीच्या मॅचेस) गाठलं आणि वेम्ब्लीवर परत जाऊन नॉर्थॅम्प्टनला 3-0 ने हरवून प्रमोशन घेतलं. जर्मनीत अर्मिनिया बीलेफेल्डने 2024-25 ला तिसऱ्या डिव्हिजनमध्ये असताना लेव्हरकुसेनला हरवून कप फायनल गाठली आणि आपली लीगही जिंकली. फायनल श्टुटगार्टकडे 4-2 ने हरले ते सोडा.

फक्त एक लक्षात घ्या, या दोन्ही टीम्स आपापल्या डिव्हिजनमध्ये वरच्या बाजूला होत्या, तळाला नव्हत्या. ज्याच्याकडे आधीच थोडं बरं चाललंय त्याला कप अजून ढकलतो. जो रोज हरतोय त्याला कपमधल्या एका रात्रीचा कॉन्फिडन्स फार तर पुढच्या शनिवारपर्यंत पुरतो, आणि शनिवारी विसाव्या मिनिटाला गोल खाल्ला की तोही संपतो.

टॉटनम 17व्या नंबरवर राहून युरोपा लीग (युरोपातल्या क्लबांची दुसऱ्या नंबरची स्पर्धा) जिंकले. मग लीग सोडून दिली हे बरोबरच केलं ना? (ठाण्याहून, स्पर्सवाला म्हणजे टॉटनमचाच असणार हे उघड आहे)

निकाल लागल्यावर बरोबरच म्हणायचं! 38 पॉइंट्स, लीगमध्ये 22 पराभव, आणि 21 मे 2025 ला बिल्बाओत ब्रेनन जॉन्सनच्या गोलवर 1-0, समोर मँचेस्टर युनायटेड, जे स्वतः 15वे आले. दोन आजारी माणसांची कुस्ती, पण बक्षीस पुढच्या सीझनच्या चॅम्पियन्स लीगमधल्या जागेचं.

पण हे का जमलं ते बघा. त्या सीझनला 18व्या नंबरवर लेस्टर होती आणि तिचे पॉइंट्स किती? 25. म्हणजे टॉटनम आणि रेलिगेशन यांच्यात 13 पॉइंट्सचं अंतर होतं, खालच्या तिन्ही टीम्स इतक्या कमजोर होत्या की मॅनेजर पोस्टेकोग्लूने शेवटच्या महिन्यात लीगमध्ये अर्धी टीम बदलून पाठवली तरी काही बिघडणार नव्हतं, आणि त्याने तेच केलं. विगनला किंवा बर्मिंगहॅमला ही चैन कधीच नव्हती. 60 मॅचेस झाल्या त्यांच्या त्या सीझनला सगळ्या स्पर्धा धरून, आणि हिवाळ्यात अख्खा डिफेन्स जखमी होता, म्हणजे फॉर्म कपमुळे गेला म्हणायचं असेल तर तेवढं म्हणायला जागा आहे. तरी पोस्टेकोग्लूला ट्रॉफीनंतर सोळा दिवसांत काढलंच, म्हणजे 17व्या नंबरची किंमत कोणीतरी मोजलीच.

सगळ्यात वाईट उदाहरण कोणतं? एका ओळीत सांगा. (औरंगाबादहून)

एका ओळीत नाही जमणार, पण मिडल्सब्रो 1996-97. जुनिन्यो, रावानेली, एमर्सन, एवढी नावं एका टीममध्ये. डिसेंबरमध्ये 23 खेळाडू आजारी किंवा जखमी म्हणून ब्लॅकबर्नची मॅच खेळायला गेलेच नाहीत, त्याबद्दल तीन पॉइंट्स कापले. मग एप्रिलमध्ये 6 ला लीग कप फायनल, 13 ला एफए कप सेमी, 16 ला लीग कप फायनलचा रिप्ले (बरोबरी झाली म्हणून पुन्हा खेळायची मॅच), 22 ला सेमीचा रिप्ले, म्हणजे सतरा दिवसांत चार कप मॅचेस. लीग कप लेस्टरकडे गेला, एफए कप फायनलला पहिलं मिनिट संपायच्या आत दि मात्तेओने गोल मारला आणि चेल्सी 2-0. लीगमध्ये 39 पॉइंट्स, रेलिगेट. ते तीन पॉइंट्स असते तर 42, आणि कॉव्हेंट्री 41 वर वाचली. आणि राहिलेली ती ब्लॅकबर्नची मॅच मे मध्ये खेळली तेव्हा 0-0! तेलही गेलं तूपही गेलं हाती आलं धुपाटणं, ही म्हण मिडल्सब्रोसाठीच केली असावी.

आता एफए कपमध्ये रिप्ले राहिलेले नाहीत, 2024-25 पासून पहिल्या राउंडपासूनच बंद केले, त्यामुळे इतकी कोंडी पुन्हा होणं अवघड आहे.

पैशाचं काय? छोट्या क्लबला कपमधून पैसा मिळतो ना? (नागपूरहून)

खालच्या डिव्हिजनच्या क्लबला मिळतो, एखादी मोठी टीम घरी आली आणि मॅच टीव्हीवर दाखवली तर वर्षाचा खर्च निघतो. प्रीमियर लीगच्या क्लबचं गणित मात्र उलटं आहे. एफए कपची फायनल जिंकल्याचं बक्षीस साधारण 20 लाख पाउंड, आणि लीगमध्ये एक नंबर वर सरकला की पंचवीस-तीस लाख. म्हणजे कपची फायनल जिंकण्यापेक्षा 15व्याचा 14वा होणं जास्त फायद्याचं! मग मॅनेजर तिसऱ्या राउंडला पोरं उतरवतो तेव्हा त्याला शिव्या देताना हे आठवा. शिव्या द्या, पण आठवा. मलाही आवडत नाही ते.

आपल्याकडे आयएसएलमध्ये (भारतातली वरची लीग) 2024-25 पर्यंत तरी खाली जायची भीतीच नव्हती, मग सुपर कप सिरियसली घ्यायला काय हरकत? (मडगावहून)

काहीच हरकत नाही, उलट घ्यायलाच हवा. ईस्ट बंगालने जानेवारी 2024 ला भुवनेश्वरला ओडिशाला एक्स्ट्रा टाइममध्ये 3-2 ने हरवून सुपर कप घेतला, लीगमध्ये मात्र नववे. आणि पुढच्या सीझनला लीगच्या पहिल्या सहाच्या सहा मॅचेस हरले, म्हणजे कपचा कॉन्फिडन्स उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठेतरी विरून गेला. त्यातच भूतानला जाऊन एएफसीच्या चॅलेंज लीगमध्ये ग्रुपमध्ये पहिले आले! तीच टीम, तेच दिवस. कप आणि लीग ही दोन वेगळी जगं आहेत हे यापेक्षा स्पष्ट कसं दिसणार.

पण आपल्याकडे खाली जायची भीती पूर्वी होती हो. 2013-14 चं मोहम्मडन स्पोर्टिंग आठवा, ड्युरँड कप जिंकला, आयएफए शील्ड जिंकली आणि आय-लीगमधून (तेव्हाची भारतातली वरची लीग) बाहेर. तुमच्याच गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सने त्याच सीझनला कोचीत स्पोर्टिंग गोव्याला 3-1 ने हरवून फेडरेशन कप घेतला, आदल्या वर्षीचे लीग चॅम्पियन हे, आणि लीगमध्ये बघाल तर खालच्या घोळक्यात.

आमचं मंडळ लीगमध्ये खाली आहे आणि नॉकआउटची सेमी आलीय, चार दिवसांनी लीगची मॅच. पोरं म्हणतात सेमीला सगळे बेस्ट अकरा उतरवायचे. काय करू? (कोल्हापूरहून)

तुम्हाला मी कितीही शहाणपण सांगितलं तरी शाहू स्टेडियम भरलं आणि अख्खी पेठ गॅलरीत बसली की तुम्ही बेस्ट अकराच उतरवणार, हे मला माहितीय आणि तुम्हालाही. तर उतरवा. पण दोन-तीन गोष्टी करा. नव्वद मिनिटं जोरात खेळल्यावर पाय पूर्ववत व्हायला साधारण तीन दिवस लागतात, त्यामुळे चार दिवसांचं अंतर असेल तर मधल्या दिवसांत ग्राउंडवर पळवू नका, पोरं कितीही म्हणोत. विंगचे आणि साइडबॅकचे लोक सगळ्यात जास्त पळतात, त्यांना सेमीत दोन गोलची आघाडी मिळाली की लगेच बाहेर काढा, टाळ्या मिळवायला शेवटपर्यंत ठेवू नका. मांडीमागचा स्नायू ओढला गेलाय म्हणणाऱ्याला ‘थोडं सहन कर’ म्हणू नका, तो दीड महिना जाईल. आणि सेमी जिंकलात तर मिरवणूक लीगच्या मॅचनंतर काढा. हे शेवटचं कोणी ऐकणार नाही, तरी सांगून ठेवतो.

मग शेवटी, तळाला असलेल्या टीमने कप सोडून द्यावा का? (डोंबिवलीहून)

नाही. संडरलंड 2014 ला लीग कप फायनल हरली, एप्रिलमध्ये तळाला होती, आणि फेब्रुवारीत वादळी हवेमुळे पुढे ढकललेली मँचेस्टर सिटीची मॅच मागाहून खेळायला मिळाली, तीही सिटीच्या ग्राउंडवर. सगळे म्हणत होते मेले आता, तर 2-2. तीन दिवसांनी चेल्सीला चेल्सीत 2-1 ने हरवलं, चेल्सीचा मॅनेजर म्हणून मोरिन्योचा घरच्या लीग मॅचेसमधला पहिला पराभव तो, 77 मॅचेसनंतरचा. कार्डिफला 4-0, मग युनायटेडलाही त्यांच्या घरी हरवलं आणि 14व्या नंबरवर वाचले. कप फायनलपर्यंत खेळूनही साचलेल्या मॅचेस शेवटी कामालाच आल्या. सोडून दिला असता तर बेंचवरची तीच पोरं लीगमध्ये तशीच हरली असती, वर वेम्ब्लीही नसती बघितली.