सभेला किती बायका आल्या, एवढ्यावर थांबू नकोस

नाशिक

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. संस्थेत निवड झाली आणि पहिलंच काम आपल्या जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतल्या ग्रामपंचायतींचं मिळालं, याचा फार आनंद झाला. स्त्री-पुरुष समानतेचं काम मुलाने करावं का, असं तू विचारलंस. जरूर करावं. गावाचा पैसा कशावर खर्च होतो आणि ते कोण ठरवतं, असा हा विषय आहे. तो एकट्या बायकांच्या गळ्यात कशाला घालायचा?

तुला दिलेल्या अहवालाच्या तक्त्यात 'उपस्थित महिला' असा रकाना असणारच. तो भर, पण तिथेच थांबू नकोस. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींत किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या आणि २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्यावर नेल्या. लोकसभेत २०२४ साली ५४३ पैकी ७४ स्त्रिया निवडून आल्या. तिथल्या आरक्षणाची घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली, पण प्रत्यक्ष जागा मिळायच्या त्या जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेनंतर. या बाबतीत सुरगाण्यातलं खेडं दिल्लीच्या पुढे आहे, हे तिथे जाताना विसरू नकोस.

खुर्ची मिळाल्यावर पुढे काय झालं, ते प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभेच्या कामकाजाच्या नोंदवहीत, सापडतं. रीतसर अर्ज करून दोन-तीन वर्षांच्या नकला माग आणि निवांत वाच. ठरावाला सूचक कोण, अनुमोदक कोण? बाईंनी मांडलेला ठराव पुढे गावाच्या विकास आराखड्यात आला का, त्याला पैसे पडले का, काम झालं का? आपल्या ग्रामपंचायत कायद्यानुसार ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. पुष्कळदा दोन्ही सभा कागदावर एकाच बैठकीत उरकलेल्या असतात. दोन्हींचे ठराव शेजारी ठेवलेस की लगेच कळेल. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाचे दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. पण तुझ्या गावांत घरपट्टी-पाणीपट्टी जमून जमून किती जमणार? म्हणून तेवढ्यावर समाधान मानू नकोस. खरी रक्कम वित्त आयोगाच्या निधीत आणि पेसाच्या, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींच्या कायद्याखालच्या, अबंध (ठरावीक कामाला न बांधलेल्या) निधीत असते. तो कशावर खर्च करायचा हे ठरताना बायका खोलीत होत्या का, हा प्रश्न धरून ठेव.

पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो या संशोधकांचा. सरपंचपद आळीपाळीने राखीव होत असल्यामुळे त्यांना राखीव आणि बिनराखीव गावांची नीट तुलना करता आली. स्त्री प्रमुख असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर अधिक काम केलेलं दिसलं. बायका मुळातच मायाळू, असा अर्थ कृपा करून यातून काढू नकोस. हंडा ज्याच्या डोक्यावर, त्याला विहीर किती लांब आहे ते ठाऊक असतं. पेठ-सुरगाण्यात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो, दमणगंगा आणि नार-पारचं पाणी पश्चिमेला वाहून जातं आणि उन्हाळ्यात बायका झऱ्याकाठी रात्र काढतात. तिथे निधी आधी सभामंडपाला द्यायचा की पाण्याला, हे ठरवणं म्हणजेच राज्यकारभार.

तुला आंतरराष्ट्रीय क्षेत्रात जायचं आहे, तेव्हा तिकडचे कागदही वाच. स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा करार १९७९ चा. भारताने तो १९९३ मध्ये मान्य केला. १९९५ ची बीजिंगची जागतिक महिला परिषद, शाश्वत विकासाचं पाचवं उद्दिष्ट म्हणजे स्त्री-पुरुष समानता, हे सगळं कामाला येईल. श्रीमंत देश आपल्या मदतीच्या प्रकल्पांना समानतेच्या निकषावर शून्य, एक किंवा दोन असा दर्जा देतात. एखाद्या दिवशी तो आकडा भरायचं काम तुझ्याकडे येईल. शिलाई यंत्रं वाटली म्हणून दोन लिहू नकोस. समानता हाच प्रकल्पाचा मुख्य हेतू असेल, तरच दोन.

आणि ही कल्पना जिनिव्हाहून इकडे आली, असं कुणी म्हटलं तर त्याला चांदवडचं सांग. नोव्हेंबर १९८६ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, चांदवडला, शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन झालं. शेतकरी बायकांचा जनसागर लोटला होता. पंचायत राज्याच्या निवडणुका लढवायची भाषा त्या बायकांनी घटनादुरुस्तीच्या कितीतरी आधी केली. पुढे संघटनेच्या 'लक्ष्मीमुक्ती' मोहिमेत पुरुषांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन करून दिली. सातबाऱ्यावर नाव असलेली बाई सभेत वेगळ्या आवाजात बोलते. म्हणून गावात गेलास की जमीन कुणाच्या नावावर आहे, तेही विचार.

आता तुझ्यापुरतं. सरपंचबाई समोर असताना साहेब तुझ्याकडे बघून बोलतील. उत्तर देऊ नकोस. प्रश्न बाईंकडे वळव आणि त्या बोलेपर्यंत गप्प बस. सरपंचांच्या यादीत नवऱ्याचा नंबर असेल, तर बाईंचा मागून घे. नवरा शेजारच्या खुर्चीत बसला असेल, तर त्याचा चारचौघांत पाणउतारा करू नकोस, कारण संध्याकाळी बाईंना त्याच घरी जायचं आहे. पंचायतीच्या मासिक सभेत फक्त निवडून आलेले सदस्य बसतील, असं पत्र गटविकास अधिकाऱ्यांकडून काढून घे. धीट बाईला पदावरून हटवायचे मार्गही शोधले जातात. शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या एका महिला सरपंचाला अपात्र ठरवलं होतं. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला पद परत दिलं. कायद्याची मदत कुठे मिळते, ते तुला आधीच माहीत असू दे.

वेळापत्रकाचंही बघ. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत दुपारची बैठक ठेवलीस तर कुणी येणार नाही. दिवाळीनंतर तिकडची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात, आणि २६ जानेवारीची ग्रामसभा नेमकी त्याच हंगामात येते. त्या बायका कुणाच्या मळ्यावर आहेत, याची यादी डिसेंबरातच कर. महिला सभेआधीची चर्चा तिथे मळ्यावर, काम सुटल्यानंतर घे. त्यांचे विषय लिहून, सह्या-अंगठे घेऊन ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीच्या ग्रामसेवकाला) वेळेत दे आणि पोच घ्यायला विसरू नकोस.

तुझी,
ताई