ऑक्सिजन ‘धातू’ कसा?

प्रश्न असा आला आहे : ‘एका लेखात “धातू-गरीब बटू दीर्घिका” असं वाचलं आणि खाली आकडे दिलेत ते ऑक्सिजनचे. भाषांतर चुकलंय का?’ (बटू दीर्घिका म्हणजे लहानशी आकाशगंगा.)

‘धातू’ चुकलेला नाही. खगोलशास्त्रज्ञ हायड्रोजन आणि हेलियम सोडून उरलेल्या सगळ्याच मूलद्रव्यांना धातू म्हणतात. कार्बन, निऑन, ऑक्सिजनही त्यात आले. सूर्याच्या वस्तुमानात हे सगळं मिळून जेमतेम दीड टक्का भरतं, मग वेगवेगळी नावं कशाला, असा हिशेब. रसायनवाल्यांना हे खटकतं. मराठी माणसाला तेवढं खटकू नये. आपल्याकडे रक्त, मांस, मेद हे आयुर्वेदातले धातू आणि ‘कर’, ‘बस’, ‘ऊठ’ हे व्याकरणातले. त्यात ऑक्सिजनची भर. ‘जड मूलद्रव्यं’ हा पर्यायही चालतो, पण ऑक्सिजनला जड म्हणतानाही खुलासा करावाच लागतो.

माझी तक्रार ‘गरीब’बद्दल आहे. मराठीत गाय गरीब असते. म्हणजे मारकी नसते. या दीर्घिका चांगल्याच मारक्या आहेत! सप्तर्षीतली आय झ्विकी १८ घ्या. तिच्यातल्या ऑक्सिजनचं प्रमाण सूर्याच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याइतकं. अशा लहान दीर्घिकांचं गुरुत्व तोकडं असतं. मोठे तारे फुटले की तापलेला वायू उधळतो आणि त्याच ताऱ्यांनी घडवलेला ऑक्सिजन बरोबर घेऊन थेट बाहेरही पडू शकतो. धातू कमी असण्यामागे हेही एक कारण मानतात. म्हणून ‘धातू-गरीब’पेक्षा ‘धातू कमी असलेली’ म्हणावं. नाव हवंच असेल तर ‘धातुविरळ’.

त्याच लेखात ‘वायूच्या हालचाली’ असंही आहे म्हणता. अनेकवचनी ‘हालचाली’ म्हटलं की मला सीमेवरचं सैन्य नाहीतर सरकार पाडायला निघालेले आमदार दिसतात. इथे मोजलेला असतो तो वेग. वायूच्या प्रकाशाच्या वर्णपटातली ऑक्सिजनची ५००.७ नॅनोमीटरची हिरवी रेषा किती सरकली, यावरून वायू आपल्याकडे येतोय की दूर जातोय ते कळतं. ती किती रुंदावली, यावरून आतली खळबळ. रेषा किती तेजस्वी, यावरून (वायूचं तापमान ठाऊक असेल तर) ऑक्सिजन किती तेही काढता येतं. तेव्हा साधं ‘वायूचे वेग’ लिहावं, किंवा ‘वायूची खळबळ’. मला दुसरं जास्त आवडतं.

‘बटू’ राहू द्या. ‘श्वेत बटू’ या ताऱ्यांच्या नावामुळे तो रुळलाय.