काकी दुप्पट माल काढतात, माझाच हात का चालत नाय?

प्रश्न: ताई, मी रत्नागिरीचा, वय २२. मासळीच्या कंपनीत फिलेट कटिंगला (म्हणजे काट्यापासून मांसाचा तुकडा सोडवायचा) लागून दोन महिने झाले, पैसे किलोवर मिळतात. बाजूच्या काकी माझ्या दुप्पट माल काढतात. माझं मनगट रात्रभर ठणकतं, बोटं सुन्न पडतात, वर सुपरवायझर ओरडतो की काट्याला मांस ठेवतोस. आई म्हणते सोड. काय करू?

उत्तर: अरे, लगेच सोडू नको. उद्या गेलास की काकींचा हात नको बघूस, त्यांची सुरी बघ. मी अकरा वर्षं त्या स्टीलच्या टेबलाशी उभी राहिलेय, नवीन पोरं सगळी बोथट सुरीने दाबून कापतात, मग मनगट ठणकणार नाय तर काय. दर दहा-पंधरा माशांनी सुरी धार लावायच्या कांडीवर दोन-तीनदा ओढायची, वेळ जात नाय त्यात, उलट वाचतो. हेकरू किंवा तांबोशी आली की कल्ल्यामागे तिरकी चीर दे, सुरी मधल्या काट्यावर आडवी टेकव आणि डोक्याकडून शेपटीकडे लांब ओढ, करवतीसारखी पुढेमागे करू नको. काट्यावरून जाताना बारीक करकर ऐकू येते, ती थांबली की समज सुरी वर चढली आणि मांस खाली राहिलं. अख्ख्या माशातून फिलेट निघतं साधारण ४० टक्के, हेकरूसारखं डोकं मोठं असेल तर अजून कमी, म्हणून सुपरवायझरचा डोळा काट्याला राहिलेल्या मांसावर असतो (ओरडायलाच पाहिजे असं काय नाय म्हणा).

रबरी ग्लोव्हजच्या आत कापडी घाल, बर्फाचा गारठा कमी लागतो. पण सुट्टीच्या दिवशीही बोटं सुन्न राहत असतील तर मनगटात नस दाबली जात असेल, डॉक्टरला दाखव. आणि काटा टोचला तर लपवायचं नाय. माझ्या अंगठ्यात हेकरूच्या पाठीचा काटा गेलेला, रोज बुडेल म्हणून गप्प बसले, तिसऱ्या दिवशी अंगठा वांग्यासारखा जांभळा, मग आठ दिवस घरी बसले ते वेगळंच.

पगाराची स्लिप माग. महिन्याला २१,००० पर्यंत पगार असेल तर ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लागू होतो, तुझ्याकडून ०.७५ टक्के कापतात, दवाखाना त्यात होतो. पीएफ कापतात का तेही बघ. आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, किलोवरच्या माणसाला तेव्हा किती दिवस काम मिळतं ते आत्ताच विचारून ठेव, सुपरवायझरला नको, काकींना.