रजिस्ट्रेशनचं टेबल माग

बाळा,

तुझा मेसेज रात्री वाचला. वाशीच्या टेक कॉन्फरन्सला व्हॉलंटियर व्हायचंय, पण सूत्रसंचालन घ्यावं, सोशल मीडिया घ्यावं की नुसतं ऐकायला जावं, हे ठरत नाहीये. आणि अगदी शेवटी हळूच लिहिलंयस की अनोळखी माणसांसमोर तोंडातून शब्द फुटत नाही. खरा प्रश्न तोच, म्हणून आधी त्याचं उत्तर देते. रजिस्ट्रेशनचं टेबल माग.

स्टेजवर माइक हातात असला की लोक तुला बघतात, तुझ्याशी बोलत नाहीत. टेबलाशी मात्र प्रत्येकाला यावंच लागतं. कुणाचं नाव यादीत नाही, कुणाला टी-शर्ट एल मिळालाय आणि हवाय डबल एक्सएल, कुणाला बाथरूम सापडत नाही. बोलायला निमित्त लागतं, ते समोरचाच घेऊन येतो. मीही तुझ्यासारखीच घुमी होते. आज अडीअडचणीला रात्री अकरा वाजता ज्यांना बिनधास्त फोन करते, त्यातले तिघं मला अशाच टेबलावर भेटले. एकाशी ओळख झाली ती त्याचा बॅज हरवला म्हणून.

बॅजवरून आठवलं. नावं देवनागरीत छापायची तुमची कल्पना मला आवडली, पण छापखान्याला एक्सेलची यादी धाडून मोकळ्या होऊ नका. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, 'नि' साठवताना आधी 'न' असतो, मग वेलांटी. डोळ्यांना मात्र ती 'न'च्या अलीकडे दिसायला हवी. ही अदलाबदल सॉफ्टवेअरने करायची असते. ज्याला ती जमत नाही, ते निखिलच्या वेलांट्या भलतीकडे टाकतं आणि हर्षदाचा रफार खाली उतरवून 'हर्‌षदा' करून ठेवतं. आमच्या एका वर्षी असे 150 बॅज आले, आम्ही मध्यरात्रीपर्यंत मार्कर घेऊन बसलो होतो. फॉन्ट आत घातलेली पीडीएफ द्या आणि अवघड नावांचा एक नमुना कागदावर छापून बघा.

आता वायफाय. हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे लांबण लागणार.

300 माणसं म्हणजे फोन आणि लॅपटॉप धरून 600 उपकरणं. साध्या राउटरची नेहमीची सेटिंग तशीच ठेवली, तर वाटायला जेमतेम 254 आयपी पत्ते (नेटवर्कवर प्रत्येक उपकरणाला लागणारा नंबर) असतात, त्यातला एक राउटर स्वतःच ठेवून घेतो. एका हॉलमध्ये सकाळी नऊला सगळं झकास होतं. सव्वादहाला नव्याने आलेल्यांना नेट मिळेना. सिग्नलच्या काड्या पूर्ण, नेटचा पत्ता नाही. हॉलवाले म्हणाले, केबल तुटली असेल. केबल शाबूत होती, पत्ते संपले होते. दिलेला पत्ता चोवीस तास राखून ठेवायचा अशी सेटिंग, त्यामुळे चहा पिऊन घरी गेलेल्याचाही पत्ता अडकून पडलेला. उपाय दोन मिनिटांचा. सबनेट, म्हणजे पत्त्यांचा गट, स्लॅश 22 एवढा मोठा करायचा, म्हणजे 1022 पत्ते मिळतात, आणि लीज, म्हणजे पत्ता राखायची मुदत, तासाभराची ठेवायची. हे शनिवारीच विचारून घे. वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यावर एकमेकांत न घुसणारे चॅनेल तीनच आहेत, 1, 6 आणि 11. तेव्हा जमेल तितकी गर्दी 5 गिगाहर्ट्झवर वळवायला सांग. आणि माणसाच्या अंगात पाणी फार, ते सिग्नल शोषतं. रिकाम्या हॉलमध्ये चाचणी पास झाली म्हणून हुरळून जाऊ नका; अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारे डबे, डोक्यांच्या वर टांगा. स्टेजवरच्या लॅपटॉपला तर सरळ केबलच द्या.

कार्यक्रम रविवारी आहे, म्हणजे मेगाब्लॉक, दुरुस्तीसाठी लोकल बंद, धरूनच चाला. हार्बर लाइनचा ब्लॉक बहुतेक वेळा अकराच्या सुमाराला लागतो आणि चार-साडेचारपर्यंत चालतो. सकाळचे वक्ते आरामात पोचतात, जेवणानंतरचे कुर्ल्याला लटकतात. रेल्वेचं वेळापत्रक आलं की त्यांना आदल्या दिवशीच फोन कर. ठाण्याला उतरून नऊ-दहा नंबरवरून ट्रान्सहार्बर लोकलने वाशी, हा रस्ता त्यांना आधी सुचत नाही. अर्थात तिथेही ब्लॉक नाही ना, ते बघून मगच सांग.

जेवणाचं फार डोक्याला लावून घेऊ नकोस. जैन काउंटर वेगळा ठेवा, बाकी केटरर बघेल.

दुपारी टेबल ओस पडतं. तेव्हा तासभर सुट्टी मागून एक भाषण पूर्ण ऐक. जे शीर्षक वाचून काहीच कळत नाही, ते निवड. रेकॉर्डिंग नंतर मिळतं म्हणतात. 'नंतर' मी आजवर किती पाहिली ते विचारू नकोस. संध्याकाळी पाच-पाच मिनिटांची लाइटनिंग टॉक असतील. पहिल्याच वर्षी नाव दे, असं सगळे म्हणतील. मी नाही म्हणणार. दिवसभर तीनशे जणांशी बोलून झालेलं असेल, तुझ्यासाठी तेवढं पुष्कळ आहे.

चहाला तुम्ही व्हॉलंटियर घोळका करून उभ्या राहाल, तेव्हा एका माणसाची जागा मोकळी सोडा. एरिक होल्शर नावाच्या प्रोग्रामरने याला पॅकमॅनचा नियम म्हटलंय, कारण वरून पाहिलं तर तो गोल जुन्या व्हिडिओ गेममधल्या आ वासलेल्या पॅकमॅनसारखा दिसतो. कागदी कप धरून भिंतीला टेकलेली कुणीतरी असतेच. तिला त्या फटीतून आत येता येतं. तुझं लक्ष तिच्याकडे इतरांआधी जाईल, याची मला खात्री आहे.

शनिवारी संध्याकाळी कोपरखैरण्याला घरी ये. एक्स्टेंशन बोर्ड आणि यूएसबी-सीचे दोन अडॅप्टर काढून ठेवते. अडॅप्टरना लाल नेलपॉलिश लावलंय, ओळखायला. मागच्या खेपेला तीन दिले होते.

तुझी,
मावशी